दोना एर्मिनियाचा गुडघा

जेनिपापो,
१३ मार्च १९८८

निल्से,

देव तुझं भलं करो. पोचल्याचं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्यास, त्यातली एक पत्त्याची आणि एक सहीची. व्हितोरियात शाई मिळत नाही का?

माझा हा कागद मासळीच्या शेडमधला आहे. वास आला तर नाक धरून वाच. अक्षर दोन इयत्ता शिकलेलं आहे, त्याला एवढंच येतं.

तुझ्या पत्रात कामाची गोष्ट एकच होती, ती म्हणजे घरमालकिणीचा गुडघा. दोना एर्मिनिया चर्चच्या पायऱ्या कठडा धरून, दर पायरीला एका संताचं नाव घेत चढते म्हणतेस. म्हणून आदेमारच्या बसमधून काळ्या वाळूची एक पिशवी पाठवते आहे, दुहेरी शिवलेली. ती तुझी नाही, तिची. दुसऱ्याच्या छपराखाली राहायचं तर हात हलवत राहू नये. तव्यावर कोमट करायची, पिशवीसकट गुडघ्यावर बांधायची, अर्धा तास गप्प बसायचं. गप्प बसणं जमत नसेल तर एक तास.

पाठवणारी कोण म्हणून विचारलं तर सांग की तीस वर्षं माझं हेच काम आहे. किनाऱ्यावर खड्डा उकरते, म्हातारं माणूस त्यात आडवं करते, कमरेपर्यंत वाळू ओढते आणि डोक्यावर छत्री रोवते. मी माणसं पुरते आणि ती उठून जेवायला जातात. आपल्या पाद्रीबाबाला हे अजून जमलेलं नाही. आणि तिला हेही सांग की आमच्या किनाऱ्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत पाटी आहे, ‘किरणोत्सारी वाळू, संधिवातावर गुणकारी’. मिनासचे लोक दिवसभर बस हाणत येऊन तिच्यात लोळतात. हिला घरपोच मिळते आहे.

त्या बाईला दुखवू नकोस. शाळेजवळ गावाकडच्या मुलींना ठेवून घेणारं घर तेवढं एकच आहे. ती खाट गेली की तुझी शाळा गेली. माझी दुसरीत गेली. तुझ्या आईची पाचवीत गेली, आणि ती साओ पाउलोला दुसऱ्यांच्या फरशा पुसते आहे. तुझी जायची नाही. बाकी काही शिकली नाहीस तरी चालेल, एवढं ध्यानात ठेव.

झुल्मिरा


व्हितोरिया,
२७ मार्च १९८८

आजी, आशीर्वाद दे.

पिशवी पोचली. दोना एर्मिनियानं आधी हुंगून बघितली, मग बांधली. दहा दिवस झाले, आता ती पायऱ्या संत न मोजता चढते. काल मला उसळीचा वाढीव डाव मिळाला आणि क्लेइदेला नाही. क्लेइदे माझ्या शेजारच्या खाटेवर असते, कोलातिनाची आहे. तिनं ते मोजून ठेवलं आहे.

मी लांब पत्र लिहावं म्हणतेस म्हणून शाळेचं लिहिते. भौतिकशास्त्राला ओस्मार मास्तर आहेत. उंच, काटकुळे, खडू खिशात ठेवतात म्हणून खिसा कायम पांढरा. ते म्हणाले, जगातली प्रत्येक वस्तू अणूंची आहे आणि अणू म्हणजे जवळजवळ सगळी पोकळी. इथला आख्खा उपसागर म्हणजे एक अणू धरला, तर त्याचं केंद्रक म्हणजे मधोमध तरंगणारा एक पेरू. वजन जवळजवळ सगळं त्या पेरूत. बाकी उपसागरभर मोजके इलेक्ट्रॉन, आणि त्यांना वजन म्हणण्यासारखं वजनच नाही.

मी विचारलं, मग मी बाकावरून खाली का पडत नाही? सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, हा प्रश्न वहीत लिहून ठेव.

पुढच्या महिन्यात ते किरणोत्सार शिकवणार आहेत. मी वर्गात सांगितलं नाही, पण त्या धड्यात आपला किनारा येईल असं मला वाटतं. पवित्र आठवड्यात किती माणसं आली ते कळव.

निल्सेया


जेनिपापो,
५ एप्रिल १९८८

निल्से,

देव तुझं भलं करो.

पोकळीचं मला पटलं नाही. काल शेडच्या उंबऱ्याला माझा अंगठा ठेचला. पोकळी पोकळीवर आपटली तर रक्त कुणाचं आलं, ते मास्तरला विचार. आणि उपसागरात पेरू तरंगतो म्हणणारा माणूस कधी पाण्यात उतरलेला दिसत नाही, लाटेनं तो केव्हाच काठाला लावला असता.

पवित्र आठवडा बरा गेला. माणसं आली. किनाऱ्यावरची पाटी रंगवायला काढली आहे. मी हल्ली सकाळी शेडमध्ये खेकडे सोलायला जाते, हात मोकळे नकोत म्हणून. खेकड्याची नांगी आतून कशी असते ते तुझ्या मास्तरला सांग, पोकळी बिलकूल नसते. असती तर माझी बोटं अशी फाटली नसती.

क्लेइदेला तुझ्या डावातली अर्धी उसळ देत जा. शेजारच्या खाटेवरची मुलगी उपाशी ठेवू नये. ती रिकाम्या पोटी आकडे मोजत बसते.

झुल्मिरा


व्हितोरिया,
२ मे १९८८

आजी, आशीर्वाद दे.

हे पत्र मी मागच्या ओसरीवर कपडे धुवायच्या दगडाशेजारी बसून लिहिते आहे. माझी खाट आता इथे आहे. झालं ते सरळ सांगते.

ओस्मार मास्तरांनी विद्यापीठातून एक गायगर यंत्र मागून आणलं. बुटाच्या खोक्याएवढं असतं, तारेच्या टोकाला एक नळी. किरणोत्सारी वस्तू जवळ नेली की टक टक वाजतं. ते म्हणाले, कुणाच्या घरी अंधारात चमकणारं जुनं घड्याळ असलं तर आणा. कुणाकडे नव्हतं. मी हात वर केला. म्हटलं, माझ्या घरमालकिणीच्या गुडघ्यावर आहे ते चालेल का? मला अभिमान वाटत होता, आजी. पाटीवरचा शब्द वर्गात निघाला होता.

दुसऱ्या दिवशी पिशवी नेली. नळी जवळ आली आणि खोकं टकटकलं नाही, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं कडाडलं. मास्तर खूश झाले. आपल्या वाळूत थोरियम असतं म्हणाले. त्याच्या अणूंची केंद्रकं फुटतात, म्हणजे एकेक केंद्रक आपलाच एक तुकडा बाहेर फेकतं आणि मग ते थोरियम राहत नाही, रेडियम होतं. तेही टिकत नाही. असं फेकत फेकत दहा पायऱ्या उतरून शेवटी शिसं होतं आणि मग शांत बसतं. ते हे सगळं फळ्यावर लिहीत होते. मागे वळले तेव्हा निम्मा वर्ग भिंतीला टेकून उभा होता. माझ्या बाकावर मी एकटी.

गोयानियाचं तू रेडिओवर ऐकलंच असशील. गेल्या सप्टेंबरात तिकडे भंगारात गेलेल्या यंत्रातून निळी चमकणारी पूड निघाली, लोकांनी नवलाईनं अंगाला चोळली आणि माणसं मेली. इथे अजून तोच विषय असतो. मी घरी पोचायच्या आत क्लेइदे पोचली होती. दोना एर्मिनियानं गुडघा ब्लीचनं घासला, साल निघेपर्यंत. पिशवी बांधायचं फडकं अंगणात जाळलं. माझं ताट, वाटी, चमचा बाजूला काढून त्यांना लाल दोरा बांधला. मला म्हणाली, “पोरी, तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, पण ते माझ्या घरात नको.” एकतीस मेपर्यंत मुदत आहे. दुसरीकडे तीन घरांत विचारलं. जेनिपापोची म्हटल्यावर दारं लागतात.

शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नाही. आजी, मला घरी यायचं आहे. आदेमारला सांगून ठेव. मी तुझ्याबरोबर खड्डे उकरीन.

निल्सेया


जेनिपापो,
७ मे १९८८

निल्से,

देव तुझं भलं करो.

आदेमारला सांगितलं आहे की तू बसमध्ये चढताना दिसलीस तर खाली उतरवायचं. इथे तुझी खाट नाही, तिच्यावर मी जाळी वाळत घातली आहेत. खड्डे उकरायला मी एकटी पुरते.

आता रडून झालं असेल तर कामाचं बोलू.

पिशवी मी पाठवली. चूक असली तर माझी आहे. पण चूक काय आहे ते आधी कळू दे. मी तीस वर्षं या वाळूत बसते, तिला ब्लीच लावायची अक्कल कधी झाली नाही. तेव्हा मास्तरला पुढच्या गोष्टी विचार आणि तो सांगेल तसं लिही, माझ्यासाठी गोड करून लिहू नकोस.

पहिली. उन्हात बसलं की अंग तापतं, पण सावलीत आल्यावर माणूस पदरात ऊन बांधून आणत नाही. वाळूचं तसं आहे का? पिशवी सोडली की सुटली, की गुडघा मागाहून वाजत राहतो? तू वाजतेस का?

दुसरी. त्या पुडीत आणि आमच्या वाळूत फरक काय?

तिसरी. दहा पायऱ्या उतरून शिसं होतं म्हणालीस. आपल्या जाळ्याच्या कडेला गोळ्या बांधतात तेच शिसं ना? एवढा उपद्व्याप करून शेवटी जाळ्याचं वजन. असो. हे सगळं संपायला किती दिवस लागतात?

ओसरीवर डास असतील. गेल्या जूनच्या साओ जोआवच्या सणातून उरलेल्या नारळाच्या शेंड्या मिळतात का बघ, धूर कर. दोरा बांधलेल्या ताटात मुकाट्यानं जेव. अन्नाला दोरा लागत नाही.

झुल्मिरा


व्हितोरिया,
१५ मे १९८८

आजी, आशीर्वाद दे.

मास्तरांनी तुझे प्रश्न वर्गात वाचून दाखवले. नाव सांगितलं नाही. म्हणाले, “हे विचारणारी व्यक्ती या वर्गात असती तर मला शिकवायला मजा आली असती.” उत्तरं अशी.

पहिलं. उन्हासारखंच. वाळूतून किरण निघतात, अंगातून जातात, पण अंग वाळू होत नाही. पिशवी सोडली की सुटली. गुडघा वाजत नाही, मीही वाजत नाही.

दुसरं. ती पूड बारीक होती, हाताला चिकटली, अन्नातून पोटात गेली, आणि आपल्या वाळूपेक्षा कैक पटींनी जोरदार होती. वाळू पिशवीत राहिली, गिळली कुणी नाही.

तिसरं. जाळ्याचंच शिसं. थोरियमचं अर्धायुष्य चौदाशे कोटी वर्षं आहे. म्हणजे आज मूठभर असलं तर एवढ्या वर्षांनी त्यातलं अर्धं उरेल. मग तेवढ्याच वर्षांनी अर्ध्याचं अर्धं. कुठलं केंद्रक कधी फुटेल ते कुणालाही सांगता येत नाही. फुटण्याआधी ते थकत नाही, कुरकुरत नाही, जुनं होत नाही. कोट्यवधी वर्षांचं केंद्रक आणि कालचं, दोघांची फुटायची शक्यता सारखीच. फक्त पुष्कळ एकत्र असली की किती फुटतील ते सांगता येतं.

तुझ्या अंगठ्याचंही विचारलं. उंबऱ्याचे इलेक्ट्रॉन तुझ्या अंगठ्याच्या इलेक्ट्रॉनांना जवळ येऊ देत नाहीत, ढकलतात. त्या ढकलण्यालाच आपण कठीण म्हणतो. बाकाचं उत्तरही तेच.

हे सगळं मी दोना एर्मिनियाला सांगितलं. ती म्हणाली, “तो मास्तर पिशवी उघड्या हातानं धरत होता. त्याचं काय ऐकायचं? त्यालाच आधी दोरा बांधा.” सोळा दिवस उरलेत.

निल्सेया


जेनिपापो,
२० मे १९८८

निल्से,

देव तुझं भलं करो.

जुनं न होणाऱ्या थोरियमचा मला हेवा वाटतो. पण कुठलं कधी ते सांगता येत नाही, किती ते सांगता येतं, हे मला नवीन नाही. माझ्याकडे दर वर्षी नेमानं चाळीसेक म्हातारी येतात. त्यातली पाच-सहा पुढच्या वर्षी नसतात. कोण नसेल ते मी दर वेळी मनात ठरवते आणि दर वेळी चुकते. खोकला घेऊन आलेला येतो, नाचत गेलेली येत नाही. आकडा मात्र चुकत नाही. एवढ्यासाठी शाळा लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मालकिणीला सांगून पटणार नाही. बायकांना दाखवावं लागतं. सोबतचं पत्र तिला दे. तू वाचू नकोस म्हटलं तरी वाचशील, तेव्हा वाच.

झुल्मिरा


दोना एर्मिनिया यांस,

मी निल्सेयाची आजी. पिशवी मी पाठवली होती, मुलीनं मागितली नव्हती. तुमच्या मनाला त्रास झाला, त्याबद्दल मला वाईट वाटतं. गुडघ्याला वाईट वाटायचं कारण नाही, तो पायऱ्या चढत होता.

तुमचं घर आहे, कुणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. मी फक्त एक सुचवते. रविवारी त्या मास्तरला खोक्यासकट जेवायला बोलवा. सगळ्यांच्या देखत ती नळी मुलीच्या अंगाला लावा. खोकं वाजलं तर मी स्वतः येईन, तिला घेऊन जाईन आणि तुमची ओसरी घासून देईन. नाही वाजलं तर तिची खाट आत घ्या आणि ताटाचा दोरा सोडा.

याहून सरळ मला काही सुचत नाही.

आपली,
झुल्मिरा, जेनिपापो


व्हितोरिया,
६ जून १९८८

आजी, आशीर्वाद दे.

तू काय करून ठेवलंस ते तुला कळलं नाही. मला पत्र वाचताच कळलं. ते खोकं वाजतंच, आजी. नुसतं चालू केलं तरी वाजतं. जमिनीतून, भिंतीतून, आभाळातून, खाल्लेल्या केळ्यातून, सगळ्याकडून थोडं थोडं येत असतं. ‘नाही वाजलं तर’ असं या जगात कुठेच होत नाही. पत्र फाडून टाकावं असं मनात आलं. पण क्लेइदेनं पाकीट बघितलं होतं.

दोना एर्मिनियानं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, “बाई सरळ दिसते. ठरलं.”

एकोणतीस तारखेला, रविवारी, मास्तर आले. स्वच्छ शर्ट, खिसा तरी पांढराच. टेबलावर माशांच्या मोकेकाचं मातीचं भांडं, भात, उसळ, सगळं मांडलेलं. आम्ही पाच मुली, आणि शेजारची दोना इराई साक्षीदार म्हणून. मास्तरांनी खोक्याचं बटण दाबलं. टक. टक टक. टक.

“वाजलं,” दोना एर्मिनिया म्हणाली. “मास्तर, जेवून घ्या. पोरी, कपडे भर.”

मास्तर म्हणाले, “दोना, अजून मी नळी कुणालाच लावलेली नाही. ही रिकाम्या खुर्चीकडे आहे.”

“मग खुर्ची बाहेर काढा!”

मास्तरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि एक मिनिट ठोके मोजले. खुर्ची, एकवीस. मग मला तिच्यावर बसवलं, नळी पोटाशी धरली. चोवीस.

“तीन जास्त,” दोना एर्मिनिया म्हणाली. “हे तीन कुठले? हे तीन जेनिपापोचे.”

मास्तर समजवायला लागले, पण ते फळ्याशिवाय नीट बोलत नाहीत. मी कपडे भरायला उठलेच होते. तेवढ्यात क्लेइदे म्हणाली, “दोना, तुम्ही बसून बघा ना. आपल्याला फरक कळेल.” तिच्या मनात काय होतं मला माहीत नाही. उसळ अर्धी देत होते, त्यामुळेही असेल.

दोना एर्मिनिया पाय पुढे करून राणीसारखी बसली. नळी गुडघ्याला. सगळे मनात मोजत होते. एकोणतीस.

दोना इराईनं खुर्ची हळूच मागे सरकवली. इतकी हळू की सगळ्यांना ऐकू आलं.

“पुन्हा मोजा,” दोना एर्मिनिया म्हणाली. अठरा. “बघा! पुन्हा.” सव्वीस. “हे बिघडलंय.” बावीस. “पुन्हा.” तिनं स्वतःला अकरा वेळा मोजून घेतलं, आजी. मोकेका थंड झाली. अकराव्यांदा पंधरा आले तेव्हा ती उठली आणि म्हणाली, “हाच खरा. मास्तर, लिहा. पंधरा.”

मी गप्प बसले असते तर तेव्हाच सगळं मिटलं असतं. तिच्या एकोणतीसवर दोना इराईनं आठवडाभर गाव जागवलं असतं आणि मला घराबाहेर काढायची हिंमत तिला झाली नसती. पण मी म्हटलं, “दोना, पंधरा तुमचा नाही. एकोणतीसही नाही. कुठला अणू केव्हा फुटेल त्याचा नेम नसतो, म्हणून आकडा दर वेळी वेगळा येतो. सगळे मिळवून सरासरी काढायची.” पेन्सिल घेतली आणि टेबलावरच काढली. मग मलाही दहा वेळा मोजलं, खुर्चीलाही. खुर्ची एकवीस. मी एकवीस. दोना एर्मिनिया बावीस.

“म्हणजे माझा एक जास्तच.”

“तेवढा फरक खुर्चीतही पडतो, दोना. उद्या तुम्ही वीस असाल.”

तिनं माझी आकडेमोड स्वतःकडे ओढून घेतली. तिला बेरीज येते, दर महिन्याला तीच सगळ्यांची करते. तिनं तिचे अकरा आकडे बोट ठेवून पुन्हा मिळवले. मग म्हणाली, “खाट आत घ्या.” आणि दोरा तिनं स्वतः कापला. एक अट घातली. जेनिपापोहून या घरात काही यायचं नाही. पिशवी नाही, पुडी नाही, चपलेला लागून एक कण नाही. मी कबूल केलं.

‘वाजलं तर घेऊन जाईन’ हा तुझा शब्द मोडला, तरी ती तुला हसत नाही. म्हणते, “तुझ्या आजीला खोक्यातलं कळत नाही, पण पत्र कसं लिहावं ते कळतं.”

सोमवारी माझ्या बाकावर क्लेइदे येऊन बसली.

एक विचारायचं आहे. मास्तरांनी विचारलं, यंदा किनाऱ्यावर किती लोक आले? मी तुझ्या पत्रातलं सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी ऐकलं ते वेगळं आहे.

निल्सेया


जेनिपापो,
१४ जून १९८८

निल्से,

देव तुझं भलं करो.

ती पैज लावून मी तुला बुडवलंच होतं. खोकं रिकाम्या खुर्चीलाही वाजतं हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण न विचारता वाजणारी माणसं मी रोज बघते. ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी मी काही सरळ सुचवलं की आधी तुझ्या मास्तरला विचार.

पंधरावर गप्प बसायचं सोडून बोललीस ते मी दोनदा वाचलं. मी असते तर तिला एकोणतीसवर निदान पुढच्या रविवारपर्यंत बसवून ठेवलं असतं. पण मी शाळेत जात नाही. तू जातेस.

मास्तरानं ऐकलं ते खरं आहे. पवित्र आठवड्यात दोन माणसं आली, आणि ती वाट चुकलेली होती. मिनासची बस तू गेलीस त्या आठवड्यापासून इकडे वळलेली नाही. पाटी रंगवायला काढली नव्हती, पुसली. शब्द तोच होता, त्याला भिऊन आता कुणी येत नाही, तीस वर्षं त्यालाच बघून येत होते. मी दिवसभर खेकडे सोलते. बोटांची सवय होते. तुला लिहिलं नाही कारण तू तेवढ्यावर बोचकं बांधलं असतंस.

आता एक उत्तर मला दे. वाळूत पडून राहणं वाईट आहे का? मास्तरला खरं विचार. तो गोलगोल बोलायला लागला तर पेन्सिल हातात दे.

तोवर मी असं ठरवलं आहे. पोरं घेऊन येणाऱ्या आयांना वाळूत झोपवणार नाही, छत्रीखाली बसवीन आणि समुद्र दाखवीन. पोटुशीला तर नाहीच. पण सत्तरीचं कुणी कुबडी टेकत आलं आणि पुरून घे म्हणालं, तर पुरीन. वाळूकडे चौदाशे कोटी वर्षं आहेत, तिला घाई नाही. त्या गुडघ्याला आहे. आणि तू म्हणशील की गुण वाळूचा नसेल, उबेचा असेल. असेल. मग मी तव्यासारखी आहे, मला चालतं.

दोना एर्मिनियाची अट बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर हीच घातली असती. जुलैच्या सुट्टीत मी तुला बघायला येणार होते, रताळ्याचा केक घेऊन. येत नाही. केकही मी इथेच खाईन. मी जेनिपापोचीच आहे, माझ्या नखांत ती वाळू आहे, आणि तीस वर्षं घासून ती निघालेली नाही.

तू मात्र ये. खाटेवरची जाळी काढली आहेत. आठ दिवस राहा, पोहून घे, खेकडे खा. जायच्या दिवशी सकाळी नळाखाली डोक्यापासून धुवून देईन, कपडे उकळून वाळवलेले घालायचे, चपला इथल्या इथेच काढायच्या. नव्या चपला आदेमार बसमध्ये ठेवेल, पाय बसच्या पायरीवर पडल्यावर घालायच्या.

आणि निघताना माझ्याजवळ यायचं नाही. मी दारात उभी राहीन, तू फाटकातून हात कर. गळ्यात पडायचं असेल ते आल्या दिवशी पडून घे.

झुल्मिरा